लेबलवरचे नव्वद टक्के

उन्हाळी सुटी जवळ आली की वाशी, नेरुळ, खारघरच्या दुकानांत पोहण्याच्या पोशाखांची नवी खेप लागते. अलीकडे त्या खेपेत एक निराळा माल दिसू लागला आहे. किंमत नेहमीच्या पोशाखाहून बरीच अधिक. गळ्याशी लोंबणाऱ्या पुठ्ठ्याच्या लेबलवर लाटांचे चित्र आणि खाली मजकूर असा, की हे सूत मासेमारीच्या टाकाऊ जाळ्यांपासून बनले असून त्यामुळे कार्बन उत्सर्जन नव्वद टक्क्यांनी घटले आहे. कापडाच्या व्यापारातील एका स्नेह्यांनी असेच लेबल माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "हे मी माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहू का?" प्रश्न एका ओळीचा होता, पण त्याच्या उत्तरासाठी सगळी खतावणी उघडावी लागते.

नव्वद टक्के हा आकडा हवेतला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. इटलीतील अ‍ॅक्वाफिल ही कंपनी २०११ पासून 'इकोनिल' नावाचे पुनर्चक्रित नायलॉन बनवते. जुनी जाळी, गालिचे, कापडाच्या चिंध्या यांतील नायलॉन रासायनिक प्रक्रियेने मोडून त्याचा मूळ घटक, कॅप्रोलॅक्टम, परत मिळवला जातो आणि त्यापासून पुन्हा सूत काढले जाते. हे सूत नव्या नायलॉनपेक्षा गुणाने उणे नसते. तेलापासून केलेल्या नायलॉनशी तुलना करता तापमानवाढीवरील परिणाम नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होतो, असे कंपनी जीवनचक्र मूल्यांकनाच्या आधारे सांगते. नवे नायलॉन मुळातच महाग पडते. एक किलो नायलॉन तयार होताना साधारण सात ते नऊ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. कारण कॅप्रोलॅक्टम बनवण्याच्या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट मानली जाते. टाकाऊ नायलॉन पुन्हा वापरात आणले की हा बोजा टळतो.

जाता जाता जाळ्यांविषयी एक खुलासा. लेबलवरील चित्र पाहून वाटते, की समुद्राच्या तळातून जाळी उपसून पोशाख शिवला. तशी जाळी पाणबुडे काढतात हे खरे आहे. पण कारखान्यात जाणाऱ्या मालात तिचा वाटा छोटा असतो. बरीचशी जाळी मत्स्यपालन व मासेमारी व्यवसायानेच वापरून बाजूला काढलेली असतात. ती गोळा होणे हेही चांगलेच, परंतु चित्र एकाचे आणि माल दुसऱ्याचा, हे व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. नव्वद टक्के हे सुताविषयीचे विधान आहे. ते कारखान्याच्या फाटकापाशी संपते. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र पूर्ण पोशाख येतो. या सुतापासून विणलेल्या एका प्रसिद्ध इटालियन कापडात ७८ टक्के पुनर्चक्रित नायलॉन आणि २२ टक्के इलास्टेन, म्हणजे ज्याला बाजारात लायक्रा म्हणतात ते असते. ताण देऊन पुन्हा जागेवर येण्याचा गुण त्या बावीस टक्क्यांतून येतो, आणि ते सहसा तेलापासूनच बनते. पोशाख दोनशे ग्रॅमचा धरू. त्यात नायलॉन १५६ ग्रॅम. किलोला आठ किलो या दराने नव्या नायलॉनचे उत्सर्जन सव्वा किलो झाले असते. त्यातले नव्वद टक्के वाचले, म्हणजे सुमारे १.१ किलो. उरले इलास्टेन, विणकाम, रंगाई, शिलाई, वाहतूक आणि घरची धुलाई. या साऱ्यांना उदाहरणापुरते चार किलो धरले, तर एकूण सव्वापाच किलोंतून १.१ किलो कमी झाले. लेबलवरचे नव्वद पोशाखावर आले की एकवीस होतात. चार किलो हा माझा गृहीत आकडा आहे. तो कमी-अधिक केला तर एकवीसही हलतील. परंतु नव्वद काही परत येणार नाहीत.

वाहतुकीचा विचार याहून मनोरंजक आहे. मिलान ते मुंबई हवाई अंतर सहा हजार किलोमीटरांहून अधिक. विमानाने एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण ०.६ ते १ किलो उत्सर्जन होते. या दराने दोनशे ग्रॅमचा पोशाख विमानाने आला तर पाऊण ते सव्वा किलो, म्हणजे पुनर्चक्रणाने जे वाचवले ते जवळपास सगळे उड्डाणातच खर्ची पडते. तोच पोशाख जहाजाने न्हावा-शेव्याला उतरला तर पन्नास ग्रॅमही लागत नाहीत. सणासाठी वा सुटीसाठी घाईने मागवलेला हिरवा माल कितपत हिरवा राहिला, हे त्याच्या एअरवे बिलावरून कळते. लेबलवर ते छापलेले नसते.

व्यापारी घरांत यंत्राची किंमत आपण एका वर्षात खर्ची टाकत नाही. तिचा घसारा धरतो. पोशाखालाही तोच न्याय हवा. जीवनचक्र मूल्यांकनाच्या आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत त्याला कार्यात्मक एकक म्हणतात: नग मोजायचा नाही, त्या नगाने केलेले काम मोजायचे. पोहण्याच्या पोशाखाचे काम म्हणजे किती वेळा पोहता आले. इथे तरणतलावातील क्लोरिनचा प्रश्न येतो. क्लोरिन इलास्टेनला खाते. कापड सैल पडते, पारदर्शक होऊ लागते आणि पोशाख टाकावा लागतो. म्हणून रोज सराव करणारे जलतरणपटू पूर्ण पॉलिस्टरचा, पीबीटी जातीच्या तंतूचा पोशाख पसंत करतात, कारण त्याची लवचिकता इलास्टेनवर अवलंबून नसते. समजा, पुनर्चक्रित नायलॉनचा पोशाख साठ वेळा टिकला आणि त्याचे एकूण उत्सर्जन चार किलो. साधा पॉलिस्टरचा पोशाख दोनशे वेळा टिकला आणि त्याचे पाच किलो. पहिल्याचे दर पोहण्याला सुमारे ६७ ग्रॅम, दुसऱ्याचे २५. वर्षातून चार दिवस अलिबागच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब लागू नाही. रोज पहाटे तलावावर जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो.

युरोपीय संघाने कपडे व पादत्राणांचा पर्यावरणीय ठसा मोजण्यासाठी २०२५ मध्ये मान्य केलेल्या नियमावलीत पोहण्याच्या पोशाखांचा स्वतंत्र गट आहे आणि टिकाऊपणा हिशेबात धरला आहे. निर्यातदार बंधूंनी याकडे लक्ष ठेवावे.

दुसरा एक माल बाटल्यांपासून बनतो. घणसोलीत ज्यांचे विस्तीर्ण संकुल आहे त्या रिलायन्सचे 'ग्रीनगोल्ड' तंतू वापरलेल्या पेट बाटल्यांतूनच येतात. नाशिक जिल्ह्यात पॉलिजेंटा या कंपनीनेही बाटल्यांपासून रासायनिक मार्गाने पॉलिस्टरचे सूत काढून दाखवले. इथे हिशेबाची आरंभीची शिल्लक तपासावी लागते. मूल्यांकनात कचऱ्याचा पूर्वीचा बोजा सहसा शून्य धरतात: बाटली कुणालाच नको होती, आम्ही ती उचलली. भारतात ही गोष्ट तितकी खरी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अभ्यासात देशातील पेटपैकी सुमारे नव्वद टक्के पुन्हा उपयोगात येते असे आढळले होते. कचरावेचक भगिनी आणि भंगारवाले यांनी ही साखळी कोणत्याही लेबलाविना उभी केली आहे. शिवाय प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार कडक प्लास्टिक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक वापरणे बंधनकारक आहे आणि २०२८-२९ पर्यंत ते प्रमाण ६० टक्क्यांवर जायचे आहे. म्हणजे बाटलीला आता बाटलीवालाच गिऱ्हाईक आहे. बाटलीची पुन्हा बाटली होते, तिची पुन्हा होऊ शकते; बाटलीचा इलास्टेनमिश्रित पोशाख झाला की तिचा प्रवास बहुधा तिथेच थांबतो. बाटलीपासूनच्या पोशाखाला माझ्या मते जाळ्यांपासूनच्या पोशाखाइतके श्रेय देता येत नाही, ते यामुळे.

एक खाते तर जवळजवळ सर्वच हिशेबांतून वगळलेले असते. कृत्रिम कापड धुताना सूक्ष्मतंतू सुटतात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात सहा किलो पॉलिस्टरच्या एका धुलाईतून सुमारे चार लाख शहाण्णव हजार तंतू सुटू शकतात, असा अंदाज निघाला. तंतू पुनर्चक्रित असला म्हणून तो पाण्यात सुटायचा राहत नाही. आपल्या घरांत पाणी गाळून वापरण्याची रीत पिढ्यान्पिढ्यांची; धुलाई यंत्रातून बाहेर जाणाऱ्या पाण्याला मात्र गाळणे नसते. ते मलनिस्सारण केंद्रात जाते, तिथे बरेच तंतू गाळात अडकतात, उरलेले ठाण्याच्या खाडीकडे वाटचाल करतात. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे. पोहण्याचा पोशाख यंत्रात टाकूच नये. तलावातून आल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत वाळवावा. क्लोरिन निघून जातो आणि तंतूही कमी झिजतात.

मोजमापाचे साधनच चुकीच्या ठिकाणी वापरले तर काय होते, हे २०२२ मध्ये नॉर्वेत दिसले. तेथील ग्राहक प्राधिकरणाने नोरोना या कंपनीला 'हिग' निर्देशांकातील सरासरी आकडे विशिष्ट कपड्याच्या जाहिरातीत वापरण्यास मनाई केली, कारण जगभरची सरासरी म्हणजे त्या एका कपड्याचा पुरावा नव्हे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी फसव्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 'पर्यावरणपूरक', 'हरित' असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांना पुरावा हवा. दावा संपूर्ण वस्तूचा की तिच्या एका भागाचा, तुलना कशाशी, हे स्पष्ट हवे. ही तत्त्वे उत्पादकापुरती मर्यादित नाहीत. ज्याच्या मालाची जाहिरात आहे तो व्यापारीही त्यांत येतो.

स्नेह्यांना मी नव्वद टक्के पाटीवर लिहू नका असे सुचवले. त्याऐवजी इतकेच लिहावे, की या पोशाखाच्या कापडात ७८ टक्के पुनर्चक्रित नायलॉन आहे; आणि तेही पुरवठादाराकडून त्या खेपेचे व्यवहार प्रमाणपत्र हाती आल्यावर. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचे चिन्ह गिऱ्हाइकापुढे लावायचे तर मालात किमान ५० टक्के पुनर्चक्रित घटक लागतो, आणि प्रत्येक विक्रीचे प्रमाणपत्र वेगळे निघते. कारखान्याचे एकच प्रमाणपत्र भिंतीवर टांगून भागत नाही. त्यांनी कपाळाला आठी घातली. नव्वद या आकड्याने माल खपतो आणि ७८ टक्के नायलॉन या शब्दांनी कुणी थांबत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नाही. दुकानाची पत किती पोशाखांना विकायची, हे ठरवणे त्यांच्याकडेच आहे.

राहिला शेवटचा मुक्काम. नवी मुंबई महानगरपालिकेने बेलापूर येथे कापड पुनर्प्राप्ती केंद्र उभारले आहे. नागरिकांचे जुने कपडे तिथे येतात, वेगळे केले जातात, महिला कारागीर त्यांतून पिशव्या व इतर वस्तू शिवतात. कापडात कोणते तंतू आहेत हे ओळखणारे हातात धरण्याजोगे उपकरणही तिथे वापरले जाते. सुती साडी किंवा लोकरीचा स्वेटर अशा केंद्रात पुढची वाट पकडतो. नायलॉन आणि इलास्टेन एकमेकांत विणलेले कापड ओळखता आले तरी वेगळे करता येत नाही. व्यवहारात परवडेल अशी सोय आज त्यासाठी नाही. पुनर्चक्रित म्हणून विकत घेतलेला पोशाख स्वतः पुनर्चक्रित होत नाही, तो यामुळेच. तरीही जुना पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकण्यापेक्षा तिथे द्यावा, आणि आतील घटक सांगणारी लहान पट्टी टोचते म्हणून कापली असेल तर ती जपून ठेवून सोबत द्यावी.