कायदा उरतो, संरक्षण झिजते

१ मे हा महाराष्ट्राचा स्थापनादिन. तोच जागतिक कामगार दिनही आहे. या दिवसाचे मूळ १८८६ च्या मे महिन्यात शिकागोमध्ये आठ तासांच्या कामासाठी झालेल्या लढ्यात आहे. नवलाची गोष्ट अशी, की ज्या देशात तो लढा झाला त्या अमेरिकेत १ मे रोजी सुटी नसते. तेथील कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. त्या सुटीच्या विधेयकावर अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ रोजी सही केली आणि त्यानंतर आठवडाभरातच पुलमन कंपनीतील संपकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी उभे राहिलेले रेल्वे कामगारांचे आंदोलन मोडण्यासाठी त्यांनीच शिकागोत लष्कर धाडले. कामगारांचे नेते युजीन डेब्ज यांना न्यायालयाचा मनाईहुकूम मोडल्याबद्दल पुढे तुरुंगवास घडला. एका हाताने सन्मानाची सुटी आणि दुसऱ्या हाताने बंदूक, ही सुरुवात मोठी बोलकी आहे. अमेरिकेच्या कामगारविषयक कायद्यांचा इतिहास वाचताना कायद्याचा मजकूर आणि कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम यांतील हे अंतर सतत ध्यानात ठेवावे लागते.

त्यानंतरची चार दशके न्यायालयांची होती. बेकरीतील कामगारांना दिवसाला दहा तासांपेक्षा अधिक राबवू नये, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला होता. मालक आणि कामगार यांच्या करारस्वातंत्र्यावर तो घाला घालतो, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये तो रद्द केला. बालमजुरीला आळा घालणारा १९१६ चा संघराज्याचा कायदा १९१८ मध्ये गेला. राजधानीतील स्त्री-कामगारांसाठी असलेला किमान वेतनाचा कायदा १९२३ मध्ये गेला. उपाशी माणूस आणि भट्टीचा मालक हे दोघे समान पातळीवर बसून करार करतात, हे त्या काळच्या न्यायशास्त्राचे गृहीत होते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही हे गृहीत दीर्घकाळ सुखाने नांदले.

ते गृहीत आधी वास्तवाने मोडले आणि मग कायद्याने. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले; त्यांत बहुसंख्य परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. हे दृश्य रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री झाल्या. अमेरिकन मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला. महामंदीने कोट्यवधी लोकांचा रोजगार हिरावला होता आणि संपांची लाट उसळली होती. या रेट्यातून १९३५ चा वॅग्नर कायदा आला. त्याने संघटना बांधण्याचा आणि मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली भूमिका बदलली. १९३८ मध्ये ताशी २५ सेंट किमान वेतन, जादा कामाला दीडपट मोबदला आणि बालमजुरीवर बंदी घालणारा कायदा झाला. त्यातूनच पुढे चाळीस तासांचा आठवडा रूढ झाला. हे यश थोर होते, यात शंका नाही.

तथापि, कोणत्याही संरक्षक कायद्याची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी लागते. तो कोणाला वगळतो? त्यातील आकडा कोण वाढवतो? आणि तो मोडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. १९३५ च्या कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले. १९३८ च्या कायद्याच्या कक्षेत आरंभी देशाच्या श्रमशक्तीचा जेमतेम पाचवा हिस्सा येत होता. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मजूर मुख्यत्वे शेतात आणि गोऱ्यांच्या घरांत राबत होते आणि दक्षिणेतील लोकप्रतिनिधींच्या मतांवाचून हे कायदे संमत होणे अवघड होते. या वगळण्यामागील हेतूंबद्दल इतिहासकारांत वाद आहे, परिणामाबद्दल नाही. किमान वेतन शेतमजुरांपर्यंत पोहोचण्यास १९६६ ची दुरुस्ती लागली, घरकामगारांपर्यंत पोहोचण्यास १९७४ ची. संघटना बांधण्याचे संघराज्याचे संरक्षण तर त्यांना आजही नाही. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांतील मजुरांनी १९६५ पासून पाच वर्षे संप लढवला. त्यानंतर १९७५ मध्ये त्या राज्याने स्वतःपुरता कायदा केला. वॉशिंग्टनने जी फट ठेवली, ती एका राज्याने आपल्या हद्दीत बुजवली, इतकेच.

दुसरा प्रश्न आकड्याचा. शाळेतील शिक्षकाला किंवा कचेरीतील कारकुनाला महागाई भत्त्याचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. किंमती वाढल्या की पगारही काही अंशी वाढतो, ही तजवीज त्यामागे असते. अमेरिकेच्या संघराज्याच्या किमान वेतन कायद्यात ही तजवीज नाही. प्रत्येक वाढीसाठी काँग्रेसमध्ये नव्याने बहुमत जमवावे लागते. १९६८ मध्ये किमान वेतन ताशी १.६० डॉलर होते; आजच्या किंमतींत त्याचे मोल चौदा डॉलरांहून अधिक भरते. जुलै २००९ मध्ये हा दर ७.२५ डॉलर झाला आणि तेथेच थांबला. १९३८ पासून इतका दीर्घ खंड कधी पडला नव्हता. ग्राहकांच्या बक्षिसीवर गुजराण करणाऱ्या वाढप्यांना मालकाने द्यावयाचे संघराज्याचे किमान रोख वेतन १९९१ पासून २.१३ डॉलरच आहे. कायदा कोणी रद्द केला नाही, कोणी त्यावर भाषणही केले नाही. महागाईने ते काम निमूटपणे केले.

तिसरा प्रश्न जरबेचा. संघटना बांधणाऱ्या कामगाराला काढून टाकणे वॅग्नर कायद्याने बेकायदा ठरवले. परंतु त्यासाठी दंडाची तरतूद केली नाही. बुडालेले वेतन द्यावे लागते, तेही कामगाराने दरम्यान अन्यत्र मिळवलेली कमाई वजा करून. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्याअखेर एवढीच किंमत मोजावयाची असेल, तर काही मालक तिला व्यवसायाचा खर्च समजतात, यात आश्चर्य ते काय? वेतनवाढीसाठी संपावर गेलेल्यांच्या जागी कायमचे नवे कामगार घेता येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्येच देऊन ठेवला होता. अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून १९४७ मध्ये संमत झालेल्या टाफ्ट-हार्टली कायद्याने संघटनांवर नवी बंधने घातली. ऑगस्ट १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना संपाबद्दल बडतर्फ केले. सरकारी नोकरांना संपाचा हक्क कायद्याने नव्हताच, हे खरे. परंतु त्या कारवाईचा संदेश खाजगी मालकांनीही नेमका घेतला. १९५० च्या दशकाच्या मध्यात सुमारे एक-तृतीयांश कामगार संघटित होते; २०२४ मध्ये खाजगी क्षेत्रात शंभरात सहाही उरले नव्हते.

सारा इतिहास अधोगतीचाच आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९६३ चा समान वेतनाचा कायदा, नोकरीतील वर्णभेद आणि लिंगभेद यांना मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा, निक्सन यांच्या सहीने १९७० मध्ये आलेला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा कायदा, ही सारी पुढची पावले होती. तरीही तेच तीन प्रश्न येथेही विचारावे लागतात. १९९३ च्या कायद्याने बाळंतपण आणि आजारपण यांसाठी बारा आठवड्यांची रजा दिली. परंतु ती बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या खाजगी मालकांना त्यातून सूट. ज्या बाईला महिन्याचा पगार बुडवणे परवडत नाही, तिच्यासाठी या रजेचे मोल किती?

वेतनाचा दर कायद्याने वाढवला तर रोजगार घटतो, हा युक्तिवाद जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फार उंच दर ठेवल्यास तसे घडूही शकते. परंतु डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियातील उपाहारगृहांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा माफक वाढीनंतर रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर वाद झडले. तथापि, २०२१ मध्ये श्रमाच्या अर्थशास्त्रातील कार्याबद्दल कार्ड यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. निम्म्याहून अधिक राज्यांनी केंद्राची वाट न पाहता आपला दर वर नेला आहे. साहजिकच, त्याच कामाचा कायदेशीर भाव राज्याची सीमा ओलांडताच बदलतो. जुन्या संघराज्यातील विषमता नव्या रूपात परतली आहे.

१९४७ च्या कायद्याने ‘स्वतंत्र कंत्राटदारां’नाही संघटनेच्या हक्कातून वगळले होते. त्या काळी ही तरतूद किरकोळ वाटली असेल. आज मोबाइलवरील ॲपच्या हुकमाने गाडी हाकणारे आणि जेवण पोहोचवणारे लाखो लोक याच शब्दाखाली ढकलले जातात आणि किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, संघटना या साऱ्यांना एकदम मुकतात. १९०५ चे करारस्वातंत्र्य नव्या वेशात दारी उभे आहे.

कायदा रद्द करण्यासाठी सभागृहात हात वर करावे लागतात आणि त्यांची मोजदाद होते. कायदा झिजू देण्यासाठी काहीच करावे लागत नाही. म्हणूनच कामगारांच्या हिताचा नवा कायदा झाला, की त्याच्या नावावर समाधान मानून चालणार नाही. वगळलेल्यांची यादी, आकड्याची तारीख आणि शिक्षेचे कलम, या तीन गोष्टी आधी वाचल्या पाहिजेत. ट्रँगल कारखान्यालाही दार होते; त्याला कुलूप होते.