मोकळ्या चाकाचें अंतरंग

एकच सायकल घरांतील चार जणांनीं वापरावयाची म्हटली, कीं तिच्या देखभालीचा भार कोणावरच राहात नाहीं. आमच्या घरीं तो भार गेल्या हिंवाळ्यांत मीं आपण होऊन उचलला, आणि त्याचें प्रायश्चित्त मात्र माझ्या पुतण्यास भोगावें लागलें. मागील चाकाचें फ्रीव्हील मीं उघडलें, पुसून लख्ख केलें व मोठ्या ममतेनें त्यांत घट्ट ग्रीस भरलें. दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या थंडींत चढावर तो पायडलावर उभा राहिला मात्र, तोंच पायडल रिकामें फिरलें आणि तो तोंडघशीं पडला. हनुवटीस तीन टांके पडले. चूक कोठें झाली हें समजण्यास या यंत्राचें पोटच पाहिलें पाहिजे.

प्रारंभींच्या सायकलींस ही सोय नव्हती. १८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्ली यानें ‘रोव्हर’ सायकल काढली, तेव्हां साखळीची व मागील चाकाची गांठ कायमची असे. चाक फिरे तोंवर पायडलेंही फिरत. अमेरिकेंत व्हॅन अँडेन यानें १८६९ सालींच मोकळ्या चाकाचें पेटंट घेतलें होतें. तथापि तें सर्वत्र रुळावयास एकोणिसावें शतक सरावें लागलें.

आपल्या नेहमींच्या फ्रीव्हीलचे दोन भाग असतात. बाहेरील कड्यावर साखळी बसते व त्याच्या आंतल्या अंगास तिरपे दांते कोरलेले असतात. आंतील गाभा चाकाच्या तुंब्यावर आट्यांनीं घट्ट बसतो. त्यांत स्प्रिंगनें वर उचललेल्या, बहुधा दोन, खिट्ट्या असतात. कारागीर त्यांस ‘कुत्रे’ म्हणतात. पायडल मारलें कीं दांता खिट्टीस अडतो व चाक ओढलें जातें. पाय थांबले कीं खिट्ट्या दांत्यांवरून घसरत जातात. तोच तो परिचित टकटक आवाज.

येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. समजा, आंत २० दांते आहेत. दोन्ही खिट्ट्या एकदम अडत असतील, तर पकड येण्यापूर्वीं कडें फार तर १८ अंश रिकामें फिरेल; पण भार दोघींवर वांटला जाईल. त्या आळीपाळीनें अडत असतील, तर ही ढिलाई ९ अंशांवर येते; मात्र सगळा भार एकटीनें सोसावा लागतो.

दुसरी जात रुळांची. जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथील फिख्टेल व साक्स यांच्या १९०३ सालच्या ‘टॉर्पेडो’ तुंब्यांत दांत्यांऐवजीं उतरत्या पृष्ठांवर लहान रूळ असतात. पायडल मारतांच ते चढून तुंब्याच्या आंतल्या भिंतीशीं पाचरीसारखे आवळतात. आवाज नाहीं, पकडही त्वरित. शिवाय उलट पायडल मारल्यास ब्रेक लागतो. परंतु तेथें सारी भिस्त घर्षणावर असल्यानें पृष्ठें झिजलीं कीं पकड निसटूं लागते.

आतां माझी चूक. खिट्टीची स्प्रिंग केंसासारखी नाजूक. थंडीनें थिजलेल्या ग्रीसमधून ती खिट्टीस पुरतें उचलूं शकली नाहीं. खिट्टी दांत्याच्या टोंकासच लागली आणि मुलाचा सगळा भार येतांच निसटली. रॉकेलनें धुवून शिवणयंत्राचें पातळ तेल चार थेंब सोडलें असतें, तर हा प्रसंग आला नसता. कोणी उघडणारच असेल, तर झांकणाचे आटे उलटे असतात व खालीं बारीक छर्रे असतात, एवढें विसरूं नये.

नंतर प्रथम चाक उचलून पायडल मागें फिरवावें. आवाज स्पष्ट आला पाहिजे. मग ब्रेक दाबून पायडल दहा वेळां पुढें रेटून पाहावें. एकदांही निसटतां कामा नये.

पुतण्या आतां ही परीक्षा स्वतः घेतल्यावांचून सायकलीवर बसत नाहीं. काकांच्या शब्दापेक्षां त्या टकटकीवर त्याचा अधिक विश्वास आहे, आणि तो योग्यच आहे.