पाण्यानं धुतलं म्हणजे झालं का?



आपल्या महिला मंडळापुढे एक ठराव आहे. मे महिन्याच्या शिबिरात ८ ते १२ वर्षांच्या मुलांना रेझिनचे ठसे करायला शिकवायचे, त्यासाठी मंडळाच्या शिलकीतून किट घ्यायचं, आणि वर्ग बस्तीमागच्या हॉलच्या स्वयंपाकघरात भरवायचा, कारण तिथं ओटा आहे आणि नळ आहे. माझा या ठरावाला विरोध आहे. बैठकीत माझं बोलणं अर्ध्यावर राहिलं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

'काकूंना नवीन काही नकोच असतं' हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. तसं नाही. ठसे मला आवडतात आणि मी स्वतः करते. पिठाच्या डब्याला चिकटवायच्या चिठ्ठीवर 'दळले' असा शब्द आणि पुढे तारखेची रिकामी चौकट, हा माझा सगळ्यात जास्त चालणारा ठसा. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७ ही पिठाची मर्यादा पाळायची तर तारीख डोळ्यांसमोर हवी. क्षमावाणीच्या पत्रांसाठी वेगळा ठसा आहे, नातीच्या बारशाच्या पाकिटांसाठी वेगळा. दुकानात जे पारदर्शक ठसे मिळतात त्यांवर बहुधा इंग्रजीतल्या शुभेच्छा आणि परदेशातली फुलं. आपल्या अक्षरात, आपल्या शब्दांत काही हवं असेल तर ते आपणच केलेलं बरं. तेव्हा माझं भांडण ठशाशी नाही. भांडण आहे ते 'सोपं, सुरक्षित, पाच मिनिटांत, मुलांसोबत, फक्त पाण्यानं धुवा' या जाहिरातीशी, आणि ती जशीच्या तशी ठरावात उतरवणाऱ्यांशी.

ही वस्तू आहे तरी काय ते आधी बघू. मधासारखा दाट द्रव असतो. त्यात ॲक्रिलेट जातीची रसायनं असतात आणि त्यांना जागं करणारा एक घटक असतो. अतिनील किंवा जांभळट प्रकाश पडला की तो घटक कामाला लागतो आणि द्रवाचा रबरासारखा घट्ट पदार्थ होतो. दातांचे डॉक्टर दातात मऊ भरण घालून निळा दिवा धरतात, ते याच कुळातलं. नखांवर जेल लावून दिव्याखाली बोटं धरतात, तेही. आपल्या गल्लीतला शिक्केवाला आज रबराऐवजी जो पॉलिमरचा शिक्का करून देतो, तोही बऱ्याचदा असाच होतो. तो मशिनवर करतो, आपण काचेच्या दोन तुकड्यांत करतो.

कृती अशी. पारदर्शक फिल्मवर मजकूर उलट्या छटेत छापायचा, म्हणजे पार्श्वभूमी गच्च काळी आणि अक्षरं पारदर्शक. ही फिल्म खालच्या काचेवर ठेवायची. वरून पाहताना अक्षरं सरळ वाचता आली की ठसा बरोबर उलटा होतो आणि छाप सुलटी येते. त्यावर पातळ पारदर्शक कागद, कडेनं फोमच्या पट्टीचा बांध, मग रेझिन ओतायचं. बुडबुडे टाचणीनं फोडायचे, वर पाठीचा प्लॅस्टिकचा तुकडा आणि दुसरी काच ठेवून चिमटे लावायचे. आधी पाठीकडून थोडा वेळ प्रकाश, त्यानं ठशाचं बूड तयार होतं. मग फिल्मच्या बाजूनं जास्त वेळ, त्यानं अक्षरं उभी राहतात. काळ्या भागाखालचं रेझिन ओलंच राहतं. ते निथळून काढायचं, उरलेलं कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन धुवायचं. शेवटी ठसा पाण्यात बुडवून पुन्हा प्रकाश द्यायचा, कारण हवेतला ऑक्सिजन लागला की वरचा थर चिकट राहतो.

देवनागरीला यात दोन अडचणी येतात, किटसोबतच्या चोपडीत त्यांचा उल्लेखही नसतो. शिरोरेखेनं शब्द एकमेकांना धरून ठेवतो, ते चांगलंच. पण अनुस्वाराचा ठिपका एकटा उभा असतो, प्रकाश कमी पडला तर धुताना तो निघून जातो आणि 'आनंद'चा 'आनद' होतो. उलट प्रकाश जास्त झाला की 'क्ष' आणि 'ष' यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि छाप म्हणजे शाईचा डाग. म्हणून ठिपके मूळ चित्रातच जरा मोठे ठेवावेत, आणि एका छोट्या तुकड्यावर वेगवेगळ्या वेळा देऊन आपल्या दिव्याचा वेळ आधी ठरवून घ्यावा.

आता मुद्द्याचं. साबण रेझिनला नाहीसं करत नाही. तेलकट कढई घासताना पाणी पांढुरकं होतं ना, तसंच इथं होतं. रेझिनचे बारीक थेंब पाण्यात पसरतात. ठशावरून ते निघालं आणि मोरीत गेलं, एवढंच झालं. 'पाण्यानं धुता येतं' याचा अर्थ धुवायला स्पिरिट लागत नाही. ते पाणी निर्धोक झालं असा त्याचा अर्थ नाही. अशी ॲक्रिलेटं पाण्यातल्या जीवांना घातक असतात, आणि घट्ट न झालेलं रेझिन गटारात सोडू नका अशी सूचना रेझिन तयार करणारेच आपल्या माहितीपत्रकात देतात. जाहिरातीत मात्र ती कुठं दिसत नाही.

मी बी.कॉम. आहे, मला आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे १०.५ गुणिले १४.८ सेंटिमीटरचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा ठशांचा एक पत्रा करायचा तर सुमारे ३९ घन सेंटिमीटर रेझिन लागतं. वजनात धरा ४० ग्रॅम. शिबिरात २० मुलं आली तर ८०० ग्रॅम. त्यातलं चौथा हिस्सा जरी ओलं राहून धुतलं गेलं, तरी २०० ग्रॅम एका दुपारी एका नळाखालून. ठरावाच्या खर्चाच्या तक्त्यात किट आहे, दिवा आहे, शिकवणारीचं मानधन आहे. मोरीत जाणाऱ्या या २०० ग्रॅमची नोंद कुठल्याच बाजूला नाही. असा ताळेबंद कुणी ऑडिटरपुढे ठेवला असता तर परत आला असता.

आणि आपण कोण आहोत? आपल्या आज्या-पणज्या दुपदरी कापडानं पाणी गाळायच्या आणि गाळण्यावर राहिलेले जीव नुसते झटकून टाकायच्या नाहीत. ते कापड गाळलेल्या पाण्यानं खळबळून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायच्या. मुनिराजांच्या पाच समित्यांत शेवटची समिती टाकण्याबद्दलचीच आहे. जे टाकायचं ते जागा नीट पाहून, जीवाला बाधा होणार नाही असं टाकायचं. आपण श्रावक, आपल्याला मुनींइतकं जमणार नाही, पण दिशा तीच ना? त्याच घरातल्या आपण बस्तीमागच्या नळाखाली मुलांना ब्रश घेऊन उभं करणार, आणि संध्याकाळी पुन्हा पंचगंगेच्या पाण्याबद्दल तावातावानं बोलणार. हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा मुलांच्या हातांचा. ओलं रेझिन कातडीला वारंवार लागलं की काही जणांना त्याची ॲलर्जी बसते. लगेच बसेल असं नाही, पहिल्या चार वेळा काही होतही नाही, म्हणून तर लोक बेफिकीर राहतात. पण एकदा बसली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि एका ॲक्रिलेटची बसली की त्याच्या भाऊबंदांचीही उठू शकते. भाऊबंद म्हणजे कोण? दातातलं भरण. नखांचं जेल. काही चिकटपट्ट्यांचा गोंद. आपल्यापैकी कित्येकींनी गुडघे बदलून घेतलेत, त्यात हाड बसवायला वापरतात ते सिमेंटही ॲक्रिलिकचंच. आठ वर्षांच्या मुलाच्या पुढं साठ-सत्तर वर्षांचं दात-हाडांचं दुखणं आहे. एका ठशापायी त्याच्या वाटेत काटा कशाला पेरायचा? एका शिबिरात मी पाहिलंय, मुलं उघड्या हातांनी बाटली पिळत होती आणि सांडलेलं फ्रॉकला पुसत होती, आणि शिकवणारी बाई म्हणत होत्या, 'काही होत नाही, पाण्यानं जातं.'

नखांच्या जेलमध्ये टीपीओ नावाचा प्रकाशानं जागा होणारा घटक वापरत. युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. ही बंदी ठशांच्या रेझिनला लागू नाही, आणि प्रत्येक बाटलीत टीपीओ असतोच असंही नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण ज्या बाटलीवर घटकच छापलेले नाहीत तिच्याबद्दल 'सुरक्षित' हा शब्द कोण कशाच्या आधारावर वापरतंय?

यावर मला मिळालेलं उत्तर असं की घरात फिनेल असतं, संडास धुवायचं ॲसिड असतं, मग याचंच काय एवढं? अहो, पण फिनेलची बाटली आपण मुलांच्या हातात खेळायला देतो का? ओट्यावर ठेवतो का? ती संडासाच्या खिडकीत उंचावर असते. रेझिनलाही तेवढाच मान द्या, एवढंच माझं मागणं आहे.

दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीही आहेत, त्या म्हणतात की मग हे घरात नकोच. त्यांच्याशीही मी सहमत नाही. घट्ट झालेला ठसा हाताळायला हरकत नाही, आणि नीट केलं तर करणंही अवघड नाही. मी गच्चीवरच्या खोलीत करते, जिथं काही शिजत नाही आणि खिडकी उघडता येते. नायट्राइलचे हातमोजे घालते आणि रेझिन लागलं की लगेच बदलते, कारण पातळ हातमोज्यातून ते हळूहळू आत येतं. दिव्याकडे बघत नाही, पेटीला झाकण आहे. ओलं रेझिन आधी निथळून बाटलीत परत, राहिलेलं जुन्या कागदानं पुसून तो कागद उन्हात. मग धुण्याला अगदी थोडं पाणी, तेही पसरट पारदर्शक ट्रेमध्ये. तो ट्रे वर जाळी टाकून कडक उन्हात ठेवते, म्हणजे त्यात किडामुंगी पडत नाही. पाण्यातलं रेझिन घट्ट होऊन त्याची साय धरते, पाणी आटून जातं, आणि तळाशी उरतो तो कडक पापुद्रा कागदात बांधून सुक्या कचऱ्यात. यासाठीची वाटी, ब्रश, चमचा पुन्हा स्वयंपाकघरात येत नाही. पावसाळ्यात मी ठसे करतच नाही, कारण ट्रे वाळवायला ऊन नसतं.

जाता जाता एक. णमोकार मंत्राचा ठसा पाकिटांवर मारायची टूम निघाली आहे. पाकीट फाडून टाकतात, ते पायाखाली येतं. स्वस्तिकाचंही तेच. कमळ करा, कलश करा, मोर करा, चित्रांना काय तोटा आहे? मंत्र पाकिटावर नको.

तर माझी उपसूचना अशी. मुलांनी चित्रं काढावीत आणि अक्षरं स्वतःच्या हातानं लिहावीत, जाड काळ्या पेनानं. शिबिराच्या दिवशी त्यांनी भेंडीचे ठसे मारावेत (शाळेत बटाट्याचे शिकवतात, आपल्याकडे ती सोय नाही, आणि भेंडीचं फूल तरी कितीतरी देखणं येतं), जाड पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून ठसा करावा, खोडरबर कोरून मोठ्या मुलांनी आपलं नाव करावं. त्यांच्या चित्रांतली निवडक मी आणि आणखी दोघी-तिघी आमच्या गच्चीवर रेझिनमध्ये उतरवू, आणि पूर्ण घट्ट झालेले ठसे मुलांच्या हातात देऊ. किंवा गल्लीतल्या शिक्केवाल्याकडे चित्रं नेऊन दहा शिक्के करून घेऊ. त्याच्याकडे दिवा आहे, सराव आहे, आणि त्याचंही पोट आहे.

बहुमतानं किट घ्यायचंच ठरलं, तर खजिनदार ताईंना माझी विनंती आहे. विक्रेत्याकडे बिलासोबत त्या रेझिनचं सुरक्षा माहितीपत्रक लेखी मागा. व्यवसायात त्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात, आणि तयार करणाऱ्या कंपनीकडे ते असतं. त्यात कातडीबद्दल आणि पाण्याबद्दल काय लिहिलंय ते बैठकीत मोठ्यानं वाचा, मग मत घ्या. विक्रेता ते द्यायला टाळाटाळ करत असेल तर आगाऊ रक्कम भरू नका.