पाटीखालचा माणूस

आपल्या सीमाभागात रेल्वे म्हटली की आधी पाटी आठवते. पाटीवर मराठी आहे की नाही, असेल तर वर की खाली! २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे ‘बेळगावी’ झाले तेव्हाचा संताप अजून निवलेला नाही. तो रास्तच आहे. पण त्या पाटीसमोरचे रूळ ज्याच्या जिवावर टिकून आहेत, त्या गँगमनच्या घरात काय चालले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

निपाणीकर म्हणतील, आमच्या गावाला रेल्वेच नाही, आम्हाला काय त्याचे? चिकोडी रोडला किंवा मिरजेला गाडीत बसता ना? मग तुमचाही जीव त्याच्याच हाती आहे.

कागदावर त्याचे नाव आता ‘ट्रॅक मेंटेनर’ झाले आहे. पहार, घमेले आणि खडी मात्र तीच. चावीवाला रोज आपला टप्पा चालत एका रुळावर नजर ठेवून जातो आणि दुसऱ्यावर नजर ठेवून परततो. खानापूर-लोंढ्याच्या पावसात रात्रीची गस्त. कंदील, लाल झेंडी, फटाके बरोबर. रूळ तुटलेला दिसला तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके लावायला एकट्याने धावायचे. घरी बायको गाडीची शिट्टी ऐकत जागी.

एवढे करून बदली. हुबळी विभागाचा नकाशा भाषेची सीमा मानीत नाही. आज खानापूर, उद्या गोकाक रोड, परवा गोव्याकडचा कॅसलरॉकचा घाट. (या मार्गाच्या मूळ कंपनीचे नाव ‘सदर्न मराठा रेल्वे’ होते, हा अभिमान पोराची शाळा वाचवीत नाही.) चौथीपर्यंत मराठी शिकलेली मुलगी पाचवीला कन्नड वर्गात बसते आणि आठवीला पुन्हा आपल्याकडे येते.

आणि आपण तिचे काय करतो? मराठी शाळांत तीस वर्षे घालवलेला माणूस म्हणून सांगतो. तिने “होय री, सर” म्हटले की वर्ग हसतो. शिक्षकही हसतात. पालक सभेत कोणी तरी पुटपुटते, “कानडी वळणाची आहे.” घरोघर अण्णा आणि अक्का म्हणणारे आपण! हे शब्द कुठून आले, ते विचारा एकदा कुणाला तरी. दोन भाषा येणे हा त्या पोरीचा गुण आहे. तिला तोंड मिटायला लावून कोणती मराठी वाढणार? वर्षभरात अशी मुलगी शाळा सोडते, आणि पटसंख्या घटली म्हणून दोष पुन्हा सरकारचा. सरकार निर्दोष नाही, पण हे पाप त्याचे नव्हे.

१९४६ च्या बेळगाव संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आजही कडोली, उचगावला संमेलने भरतात. मांडव, पालखी, जेवणावळी. माझी मागणी अगदी बेताची आहे. मांडवाच्या खर्चातून प्रत्येक संस्थेने वसतिगृहात चार खाटा बदलीवाल्यांच्या मुलांसाठी राखाव्यात, म्हणजे बाप कुठेही गेला तरी शाळा तीच राहील. मधल्या वर्षी कन्नड दाखला घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवू नये. त्याच्या कच्च्या मराठीसाठी रोज एक तास, आणि आपल्या मुलांच्या कच्च्या कन्नडसाठीही एक तास. तो तास त्या मुलीनेच घेतला तरी चालेल.