बंदराच्या वेळेनं सुट्टी आखा

लाँग वीकेंडची सहल म्हटली की आपल्याकडे बेत ठरलेला असतो. शनिवारी पहाटे मिनिआपोलिसहून निघायचं, अडीच तासांत डुलूथ गाठायचं, उचलत्या पुलापाशी फोटो, जेवण, मग गूसबेरीचे धबधबे, स्प्लिट रॉकचं दीपगृह, जमलं तर ग्रँड मरे, आणि सोमवारी अंधार पडायच्या आत घरी. या सगळ्यात डुलूथच्या वाट्याला तीनेक तास येतात. आपल्या मंडळाची कार्यकारिणी यंदाची सहल ठरवायला बसण्याआधी मला या बेताला विरोध नोंदवायचा आहे. डुलूथ हे चालतं-बोलतं बंदर आहे. हाताशी तीन-चार दिवस असतील तर ते सगळे त्या एका बंदरावर खर्च करावेत, आणि दिवसाची आखणी हॉटेलच्या वेळांवर न करता बंदराच्या वेळांवर करावी.

हे मी ठामपणे म्हणते, कारण माझं माहेर तारोडीचं. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून डोंगरी-उत्तनकडे जाणारा जो एकमेव अरुंद रस्ता आहे, त्याच्या काठानं आमचं गाव. धारावी देवीच्या देवळामुळे काहींना नाव ठाऊक असेल. पुढे उत्तन, पाली, चौक ही मच्छीमारांची गावं आणि चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला. १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी आधी तो घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. भाईंदरच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारी ही जागा आहे. तिथे उभं राहिलं की वसईसाठी धारावी आधी हाती का हवी होती ते आपोआप कळतं.

दर रविवारी या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. गाड्या थेट रिसॉर्टवर जातात, नाही तर गोराईच्या वाळूवर. वाटेतल्या उत्तनच्या बंदरावर फारसं कोणी उतरत नाही. उतरलं तरी बहुतेकदा चुकीच्या वेळी. आमच्याकडची बरीच मासेमारी डोलीची. डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून त्यांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. ते कोणी ओढत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात आणून टाकतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाहाला जोर असतो तेव्हा बंदरावर गडबड, आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस आले की होड्या निवांत आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. भांगाच्या शनिवारी आलेला पाहुणा इकडेतिकडे बघतो, "इथे काही नाहीच" म्हणतो आणि गाडीत बसतो. त्यानं सुट्टी कॅलेंडरच्या इंग्रजी पानावर पाहिलेली असते, तिथीवर नाही.

उधाणानंतर, उन्हाळी वाऱ्याच्या दिवसांत तोच पाहुणा आला तर त्याला वलांड्या भरलेल्या दिसतील. बांबू रोवून त्यांवर आडवे दोर ताणलेले, आणि दोरांवर बोंबलांच्या जोड्या. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावरून खाली सोडायची, एक इकडे, एक तिकडे. ना सुतळी, ना चिमटा. हाताला सवय झालेल्या बायका हे न बघता करतात. दोन-तीन दिवस कडक ऊन आणि वारा मिळाला तर माल तयार. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळं मातीमोल. हे बघायला बंदरावर थांबावं लागतं. रविवारी दुपारी बारा ते चार या वेळेत ते मावत नाही.

आता आपल्या मुलांचं बघा. इथल्या शाळांना सुट्टी जून ते ऑगस्ट. त्यामुळे बहुतेक घरांची भारतवारी जून-जुलैत. नेमकी १ जून ते ३१ जुलै राज्यात मासेमारीला बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, बंदर गप्प. समुद्राला नारळ वाहिला जातो तो श्रावणातल्या पौर्णिमेला, आणि तोवर आपल्या परतीच्या तिकिटांची तारीख आलेली असते. म्हणजे तारोडी, उत्तन, वसई, अर्नाळा, हर्णै, मालवण इथून आलेल्या घरांतल्या मुलांनाही आजोळचं बंदर कधी चालू अवस्थेत दिसत नाही. समुद्र दिसतो, लाटा दिसतात, कणीस आणि वडापाव मिळतो. पण एवढ्या माणसांचं पोट त्या पाण्यावर कसं चालतं, हे काही दिसत नाही.

डुलूथ मात्र आपल्या दारात आहे आणि वर्षाचे साडेनऊ महिने चालू असतं. जहाजांच्या वाटेवरचे सू सेंट मरीचे दरवाजे (लॉक) १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. मधला काळ सोडला तर जहाजांची ये-जा अखंड. अटलांटिकपासून सुमारे २३०० मैल आत, सुपीरियर सरोवराच्या टोकाला, हे बंदर आहे. १९५९ साली सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला तेव्हापासून महासागरी जहाजं इथवर धान्य न्यायला येतात. पण मुख्य धंदा लोहखनिजाचा. मेसाबीच्या खाणींतून टॅकोनाइटच्या, गोट्यांएवढ्या गोळ्या रेल्वेनं धक्क्यावर येतात आणि हजार फुटी जहाजांत ओतल्या जातात. ही अजस्र जहाजं सरोवरांबाहेर जाऊच शकत नाहीत, कारण वेलंड कालव्याच्या दरवाजांत त्यांची लांबी मावत नाही. जन्मभर ती याच पाण्यात फिरतात.

सुपीरियरला भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही. इथलं घड्याळ म्हणजे जहाजांची वेळ, आणि ती वेळ पक्की कधीच नसते. वारा फिरला, सू इथे खोळंबा झाला, धक्का मोकळा नसला की सकाळी आठचं जहाज दुपारी दोनला येतं. नेहमीच्या बेतात दुपारी दोनला आपण गूसबेरीला असतो. माझ्या आग्रहाचं मूळ इथे आहे. बंदरावर घाई करून काही पदरात पडत नाही. एका दिवसात आपण फार तर बंदराच्या तोंडाचा रिकामा कालवा, खाली असलेला पूल आणि खूप सीगल बघतो.

थांबलं तर काय दिसतं ते सांगते. कालवा तीनशे फूट रुंद. त्यातून १०५ फूट रुंदीचं जहाज जातं, म्हणजे दोन्ही बाजूंना शंभरेक फूट पाणी उरतं. आपण कठड्याला टेकून उभे. आधी लांबवर भोंगा होतो, त्याच सुरावटीत पुलाचं उत्तर जातं, पुलाचा मधला अख्खा गाळा सरळ वर १३५ फूट चढतो, आणि मग डोळ्यांसमोरून लोखंडी भिंत सरकायला लागते. ती संपतच नाही. डेकवरचा खलाशी हात हलवतो, मुलं ओरडून "कुठे चाललात?" विचारतात आणि कधीकधी उत्तर मिळतं. खनिज न्यायला येणारी बरीचशी जहाजं रिकामी, पाण्याबाहेर उंच असतात. भरायला बरेच तास जातात. म्हणून आज उंच आलेलं जहाज उद्या पाण्यात खोल बसून बाहेर पडतं. दहा वर्षांच्या मुलाला बंदराचा धंदा समजावून सांगायला याहून सोपं साधन मला माहीत नाही. पण त्यासाठी आज आणि उद्या, दोन्ही दिवस तिथे असावं लागतं.

मधल्या वेळेचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. कालव्याच्या काठावरच आर्मी कोअरचं लेक सुपीरियर मॅरिटाइम व्हिजिटर सेंटर आहे. १९७३ पासूनचं, प्रवेश मोफत. जहाजांच्या अपेक्षित वेळा तिथे कळतात, जहाजाच्या सुकाणूघराची प्रतिकृती आहे, आणि १९०५च्या वादळाची हकीकत. ती मुलांना जरूर सांगावी. त्या वर्षी २८ नोव्हेंबरला माताफा नावाचं जहाज कालव्याच्या तोंडाशीच आपटून फुटलं. काठावर हजारो माणसं जमली, शेकोट्या पेटवून रात्रभर उभी राहिली, पण लाटांपुढे कोणाचं काही चाललं नाही. जहाजावरची नऊ माणसं थंडीनं गारठून गेली. त्याच वादळानं इतकी जहाजं बुडवली की पुढे १९१० साली स्प्लिट रॉकचा दिवा पेटला. आपण जिथे धावतपळत फोटो काढतो ते दीपगृह त्या नऊ आणि इतर अनेकांच्या मरणातून उभं राहिलं आहे. डुलूथ न समजता स्प्लिट रॉक बघणं हे मला अर्धवट वाटतं.

तासाभराची पोकळी असेल तर लेकवॉक आहे, १९३९ साली नॉर्वेच्या युवराजांच्या हस्ते खुला झालेला एंगर टॉवर आहे. तिथून धक्के, रेल्वेचे रूळ आणि नांगर टाकून थांबलेली जहाजं एका नजरेत येतात. मासे खाणाऱ्यांनी डेविट-साइट्झच्या इमारतीतल्या नॉर्दर्न वॉटर्स स्मोकहाउसचा धुरावलेला लेक ट्राउट चुकवू नये. सुकटीवर वाढलेल्या जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो. शाकाहारी मंडळींची सोय होते, पण थालीपीठ आणि दशम्या बरोबर असाव्यातच. जहाज ऐन जेवणाच्या वेळी येतं.

कधी जायचं, याबाबत माझं मत नेहमीच्या तारखांच्या विरुद्ध आहे. मेमोरियल डेला पाणी आणि हवा दोन्ही गोठवणारी असतात. चार जुलैच्या सुमाराला एखाद्या वर्षी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (बीएमएमचं) अधिवेशन, नाही तर अनेकांची भारतवारी. लेबर डेला आपले गणपती मागे-पुढे असतात आणि तालमी, ढोल, मोदकांचे घाणे सोडून कोणी येत नाही. जूनमधली ग्रँडमाज मॅरेथॉन असते तेव्हा डुलूथमध्ये खोली मिळणं मुश्कील. उरतो तो ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. मिनेसोटात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात आणि सगळे त्याला एमईए वीकेंडच म्हणतात. दोन दिवस रजा टाकली की सलग चार दिवस. किनाऱ्याजवळचे बर्च पिवळे असतात आणि हिवाळ्याआधी माल हलवायची घाई असल्यामुळे बंदर भरात असतं. दिवाळी त्याच आठवड्यात आली तर पुढेमागे करावं लागेल, हे मान्य.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. कालव्यापासून पायी अंतरावर, कॅनल पार्कमध्ये राहणं महाग पडतं. पण चार जणांच्या कुटुंबानं तीन गावांत तीन रात्री काढण्याचा आणि रोज दीडशे मैल गाडी पळवण्याचा हिशोब मांडला तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी टेकडीवर किंवा पलीकडे सुपीरियर गावात राहावं, सकाळी गाडी कालव्यापाशी लावावी आणि संध्याकाळपर्यंत हलवू नये. पुलापलीकडच्या पार्क पॉइंटवर मोठं घर घेऊन तीन-चार कुटुंबांनी एकत्र राहणं मला सगळ्यांत पसंत आहे. तिथे जायला-यायला तो उचलता पूल हा एकच रस्ता. पूल वर गेला की सगळे जागच्या जागी थांबतात. तिथल्या रहिवाशांना त्याची तक्रार नसते. शाळेला आणि कामाला उशीर झाला तर कारण सगळ्यांना ठाऊक असतं.

बंदर फक्त मौजेची जागा म्हणून बघितलं तर काय होतं, याचाही अनुभव उत्तनकडच्या आमच्या गावांना आहे. अख्ख्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उत्तनच्या डोंगरावर येतो, तिथे आगी लागतात आणि धूर खालच्या घरांत शिरतो. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची हजारो झाडं तोडायचं ठरलं तेव्हा विरोधाला गावकरी उभे राहिले. दर रविवारी तीच हिरवी टेकडी ओलांडून वाळूवर जाणाऱ्या शेकडो गाड्यांना त्याचा पत्ता तरी होता का, अशी शंका येते. ज्यांनी कधी बंदरावर एक दिवस काढला, कोणाच्या अंगणात वाळणारे बोंबील बघितले, त्यांनी निदान विचारलं असतं.

म्हणून कार्यकारिणीपुढे प्रस्ताव असा: एमईएच्या गुरुवारी दुपारी निघून रविवारी परत, मुक्काम एकच, बसऐवजी आपापल्या गाड्या. शुक्रवार आणि शनिवारच्या सकाळी काहीही आरक्षित करायचं नाही. जहाजांची यादी एकानं फोनवर बघत राहायचं आणि निरोप आला की सगळ्यांनी कालव्यावर जमायचं, मग पोहे अर्धवट राहिले तरी चालतील. ज्यांना धबधबे बघायचेच असतील त्यांनी रविवारी परतण्याआधी आपली गाडी घेऊन जावं. आणि भारतात हिवाळ्याच्या सुट्टीत जाणं ज्यांना शक्य आहे त्यांनी पंचांग बघून, पौर्णिमेच्या जवळचे तीन दिवस उत्तनसाठी राखावेत. भाईंदरहून वसईला २०२४च्या फेब्रुवारीपासून रो-रो फेरी सुरू झाली आहे. एका दिवशी धारावीचा किल्ला बघा, दुसऱ्या दिवशी गाडीसकट खाडी ओलांडून वसईचा किल्ला, आणि तिसरा दिवस बंदरावर, होड्या येतील त्या वेळी.