सूनबाई ड्यूटीवरून घरी येतात तेव्हा

पलूसहून एका सासूबाईंचं पत्र आलंय. सून सांगलीला कॅज्युअल्टीत नर्स. उसाचा हंगाम सुरू झाला, की रात्री-अपरात्री अपघाताच्या केसेस. अलीकडे सूनबाई घरी येऊन गप्प बसतात, धाकट्याला जवळ घेत नाहीत. रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉली धडधडत गेली, की हातातली भाकरी टाकून दाराशी जातात. "घरात कुणाला काही झालेलं नाही, मग हिलाच काय झालंय? बाहेरचं तर नसेल ना?" असं विचारलंय.

बाहेरचंच आहे, पण तुम्ही म्हणता तसलं नव्हे. अंगारे-धुपारे मुळीच नकोत.

तुमच्याच तालुक्यातली गोष्ट घ्या. 8 ऑगस्ट 2019 ला, कृष्णेच्या महापुरात, ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत तुमचं कुणी नव्हतं, तरी पुढे कित्येक दिवस नदीकडे बघवत नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही नुसतं ऐकलं होतं. सूनबाई ते रक्त हातानं पुसतात, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईला वाईट बातमी सांगताना तिच्या शेजारी उभ्या राहतात. तेही एकदा नव्हे, हंगामभर!

दुसऱ्याचं दुःख असं आपल्या अंगात उतरतं, हे डॉक्टर मंडळीही मानतात. झोप उडते, नको ते डोळ्यांपुढे येतं, माया आटल्यासारखी वाटते. 1992 मध्ये अमेरिकेतल्या कार्ला जॉयन्सन यांनी कॅज्युअल्टीतल्या नर्सेसच्याच या थकव्यावर लिहिलं. आपल्या कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे यांनी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री 20 गरोदर बायकांना वाचवलं, पुढे कोर्टात साक्षही दिली. आपण कौतुक केलं. पण अशा बाईला झोप लागते का, हे विचारायचं आपल्याला सुचतं का?

तेव्हा आजपासून एवढं करा. दारातच "आज काय काय आलं होतं?" म्हणून विचारू नका. शेजारणीला तर मुळीच विचारू देऊ नका. आधी आंघोळ, मग चहा. अर्धा तास कुणी बोलू नये. नाइट ड्यूटी झाली असेल तर खोलीत अंधार करा, बचत गटाच्या बायकांना दुपारी दुसरीकडे बसवा. सूनबाई आपणहून बोलल्या तर ऐका. "तुझं कामच आहे ते" हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. ते फार लागतं. आणि धाकट्याला जवळ घेत नाहीत म्हणून टोमणा नको, तो तुमच्याजवळ झोपू दे थोडे दिवस.

महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जगणंच नको असं काही बोलल्या, तर दुसऱ्या प्रकारात एक दिवसही थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 14416 हा सरकारचा टेली-मानस फोन आहे. रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

नोकरी सोडायला सांगू का, असं शेवटी विचारलंय. इतक्यात नको. काही महिने दुसरा वॉर्ड मिळतो का, हे इन्चार्ज सिस्टरना सूनबाईंनाच विचारू दे. तुमच्या मुलानं परस्पर जाऊन बोलू नये.