खांदा द्यायला येणारच आहात, मग जरा आधी या



झाशीतल्या मराठी घरांना, राणीचा किल्ला पाहून खजुराहोकडे जाताना मऊरानीपूरला चहापुरतं थांबणाऱ्या पाहुण्यांना आणि महाराष्ट्रात आपापल्या तालुक्याच्या गावी हे वाचणाऱ्यांना हे आवाहन आहे. मागणं एकच आहे, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आठवड्यातले दोन तास. पैशांचं नंतर बघू.

“अब घर ले जाइए, सेवा कीजिए.”

बुंदेलखंडातल्या कितीतरी घरांनी डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं आहे. तोंडाचा कॅन्सर गळ्यापर्यंत पसरलेला असतो, मूत्रपिंडं थकलेली असतात, अर्धांगवायूनंतर वर्ष उलटून गेलेलं असतं किंवा दगडखाणीच्या धुळीनं फुफ्फुसं निकामी झालेली असतात. डॉक्टर खोटं बोलत नाहीत; रोग हटवण्याचे उपाय खरोखरच संपलेले असतात. मोठ्या शहरातून माणूस मऊरानीपूरला परत येतो, ओसरीवर खाट पडते आणि ‘सेवा’ सुरू होते. पण सेवा म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमकं काय काय करायचं, हे त्या घरातल्या सुनेला कुणीच शिकवलेलं नसतं. मुलगा कामासाठी दिल्लीला किंवा सुरतेला गेलेला असतो. घरात ती, तिची दोन पोरं आणि रात्रभर कण्हणारे सासरे, दद्दा.

पहिल्या आठवड्यात सगळी गल्ली येऊन जाते. दुसऱ्या आठवड्यात निम्मी येते. मग जखमेला वास येऊ लागतो आणि लोक दारातूनच “राम राम” म्हणून पुढे जातात. तीन महिने असेच जातात. एके पहाटे रडण्याचा आवाज उठतो आणि तासाभरात गल्ली पुन्हा भरून जाते. तिरडीला खांदा द्यायला चारांच्या जागी चाळीस जण पुढे होतात. तेरहवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, पंगतीसाठी वेळप्रसंगी कर्ज निघतं. पण त्याच माणसाला काल रात्री कुशीवर वळवायचं होतं, तेव्हा सुनेच्या दोन हातांना तिसरा हात मिळाला नव्हता.

हे मी दुसऱ्यांवर बोट ठेवून लिहीत नाही. मीही असाच भेटायला जायचो. एकदा एका आजारी परिचितांकडे किलोभर सफरचंदं घेऊन गेलो, दहा मिनिटं खुर्चीवर बसलो, “काळजी घ्या, सगळं ठीक होईल” म्हणालो आणि उठलो. जिना उतरताना लक्षात आलं की त्यांचा जबडा बोटभरही उघडत नव्हता. ती सफरचंदं खाणार कोण होतं? आणि ठीक काय होणार होतं? मला त्यांना भेटायचं नव्हतंच, भेट उरकायची होती. तेव्हापासून मी हा विषय शिकू लागलो. जे कळलं ते सांगतो.

सेवा ही भावना आहेच, पण ते हातानं करायचं काम आहे, आणि काम शिकता येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही तर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर कातडी लाल होते, मग फाटते आणि हाडापर्यंत जखमा जातात. कोरड्या पडलेल्या तोंडात ओल्या कापसाचा बोळा फिरवायचा असतो, ओठांना थोडं तूप लावायचं असतं. कॅन्सरच्या जखमेचा वास जात नाही असं लोक समजतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर वापरली तर तो पुष्कळ कमी होतो, आणि वास कमी झाला की नातवंडं पुन्हा आजोबांच्या खाटेवर येऊन बसतात. दम लागलेल्या माणसाला उशांच्या आधारानं उठतं बसवलं आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा दिला तर त्याची घालमेल कमी होते. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. तेव्हा जबरदस्तीनं चमचा तोंडात कोंबला तर घास श्वासनलिकेत जातो. ‘खात नाही म्हणून जातोय’ असं घरच्यांना वाटतं, आणि प्रत्यक्षात तो जातोय म्हणून खात नसतो. एवढं कुणी शांतपणे समजावून सांगितलं तरी त्या घराच्या मनावरचा एक दगड उतरतो.

या कामाचं मोल मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण खाटेजवळचे हात थांबले नाहीत. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या खटल्याची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात झाली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर अंथरुणाची एकही जखम झालेली नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली. कायद्याची चर्चा देशभर झाली. मला मात्र त्या एका ओळीचंच अप्रूप वाटत आलं आहे. त्या ओळीमागे रोजचं वळवणं, पुसणं, पावडर लावणं आहे.

आता कुणी म्हणेल, मऊरानीपूरला एक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारं घर, बांधा. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू केलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे इथं १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतं. दोन्ही कामं मोठी आहेत. पण इमारतीला जमीन लागते, पगार लागतात, वर्षं लागतात. आणि बुंदेलखंडातल्या बहुतेक म्हाताऱ्यांना विचाराल तर त्यांना स्वतःच्या ओसरीवरच, स्वतःच्या तुळशीजवळ जायचं असतं. मऊरानीपूरला आज इमारतीपेक्षा माणसं जास्त हवी आहेत.

ते कसं जमतं, हे केरळनं दाखवलं. कालिकतच्या मेडिकल कॉलेजात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. लवकरच लक्षात आलं की दवाखान्यापर्यंत येऊ शकणारे थोडेच. खरे रुग्ण घरीच पडून असतात. म्हणून १९९९ मध्ये मलप्पुरम परिसरात शेजाऱ्यांचं जाळं उभं करायला सुरुवात झाली. अट सोपी होती: आपल्या भागातल्या आजाऱ्यांसाठी आठवड्याला किमान दोन तास द्या आणि आधी शिकून घ्या. शिक्षक आले, दुकानदार आले, कॉलेजची मुलं आली. गावोगावी लोकांनी वर्गणीतून परिचारिकेचा पगार आणि औषधं उभी केली. २००८ मध्ये राज्य सरकारनं त्याचंच धोरण केलं. म्हणजे सरकार मागाहून आलं. आधी शेजारी आले होते. मी तुमच्याकडे जे दोन तास मागतोय, ते तिथूनच उचललेले आहेत.

वेदनेबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिनच्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या हा जगभर मान्य झालेला, स्वस्त उपाय आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत, ठरल्या वेळी मॉर्फिन दिलं तर रुग्ण त्यानं नशेबाज होत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून सोबत पोट साफ राहण्याचं औषध लागतंच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचामुळे औषधाच्या दुकानांनी आणि रुग्णालयांनी या गोळ्या ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त करून वाट मोकळी केली. तरी आजही लहान गावात त्या सहज मिळत नाहीत. अफूपासून मॉर्फिनसारखी औषधी द्रव्यं काढणारा सरकारी कारखाना उत्तर प्रदेशातच, गाजीपूरला आहे! राज्याच्या एका टोकाला दुखण्याचं औषध तयार होतं आणि दुसऱ्या टोकाला दद्दा पहाटेपर्यंत दात आवळून पडतात. मधलं अंतर विमानानं किंवा आगगाडीनं भरून निघणार नाही. कुणीतरी घरी जाऊन “दुखतं किती? रात्री झोप लागते का?” एवढं विचारलं, ते वहीत लिहिलं आणि ती वही मॉर्फिन ठेवायची मान्यता असलेल्या संस्थेतल्या डॉक्टरांपर्यंत नेली, तर ते भरून निघेल.

ही सेवा म्हणजे मरण लवकर आणणं नव्हे, आणि ते यंत्रांनी लांबवणंही नव्हे. ‘माझ्या शेवटी काय करावं आणि काय करू नये’ हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. पण कागदाआधी बोलणं यावं लागतं. आपल्याकडे घरचे म्हणतात, “त्यांना काही सांगू नका,” आणि रुग्ण म्हणतो, “यांना कळू देऊ नका.” सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि प्रत्येक जण एकटा असतो. नात्यातला नसलेला माणूस जवळ बसला, तर कधी कधी तेच बोलणं सुरू होतं.

झाशीच्या मराठी मंडळींना एक आठवण द्यावीशी वाटते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला घायाळ झालेल्या राणीला गंगादासबाबांच्या मठात नेलं, तिच्या मुखात गंगाजल घातलं आणि बैराग्यांनी तिच्या देहाची राखण केली, असं सांगतात. नात्याची नव्हती, जातीची नव्हती, ती साधू मंडळी होती. त्याच राणीवर कादंबरी लिहिणारे वृंदावनलाल वर्मा १८८९ मध्ये याच मऊरानीपूरला जन्मले. आपण दरवर्षी राणीच्या पुतळ्याला हार घालतो. तिच्या अखेरच्या घटकेला जे अनोळखी हात पुढे आले, तसे हात आज तिच्या मुलखाला हवे आहेत. ज्या समाजाला गणेशोत्सवात आरतीच्या पाळ्या वाटून घेता येतात, त्याला चार घरांच्या पाळ्या वाटून घेणं अवघड नाही. आणि ज्या मऊरानीपूरकरांच्या खांद्यांना जलविहाराच्या मेळ्यात देवांची विमानं मिरवायची सवय आहे, त्यांना एका म्हाताऱ्याचं ओझं जड होणार नाही.

तर करायचं काय?

पाच जण जमा. त्यात दोन तरी बाया असू द्या; बायकांची अंगपुसणी पुरुष करू शकत नाहीत. आपल्या वस्तीतल्या आशा बहूला (आशा कार्यकर्तीला) विचारा. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सुरुवातीला दोनच घरं घ्या, दहा नकोत. आधी सामुदायिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा आणि तुम्ही काय करणार, काय करणार नाही हे त्यांना सांगा. झाशीचं मेडिकल कॉलेज साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तिथं कोणती मदत मिळेल याची एकदा जाऊन चौकशी करा. डॉ. राजगोपाल यांची पॅलियम इंडिया ही संस्था या कामाचं प्रशिक्षण देते. रुग्णाला हात लावण्याआधी ते घ्या. एका घराच्या कोनाड्यात सामाईक सामान ठेवा: हवेची गादी, भांडं, कापूस, रबरी चादर, चाकांची खुर्ची. एका घरातलं काम संपलं की ते धुऊन, पुसून दुसऱ्या घरी जाईल.

आणि काय करायचं नाही, तेही ऐका. इंजेक्शन द्यायचं नाही. औषधाची मात्रा बदलायची नाही. फोटो काढायचा नाही, कुठं टाकायचा तर नाहीच. कुणाचा देव, कुणाचं कर्म, यावर प्रवचन द्यायचं नाही. घरातलं बोलणं घराबाहेर न्यायचं नाही. आणि “परत येतो” म्हणालात तर परत यायचंच. ज्याचे दिवस मोजके आहेत, तो वाट फार बारकाईनं पाहतो.

ज्यांना रुग्णाला हात लावायची भीती वाटते, त्यांच्यासाठीही काम आहे. वृद्धावस्था पेन्शनचा अर्ज भरा. आयुष्मान कार्डासाठी रांगेत उभे राहा. पोरांचा अभ्यास घ्या. किंवा सगळ्यात मोठं काम करा: सुनेला म्हणा, “बाई, तू आंघोळ कर आणि दोन तास नीज. मी इथं बसलोय.” किती आठवड्यांत तिला ही दोन वाक्यं कुणी ऐकवलेली नाहीत.

घाई का, असं विचाराल. संस्था उभी राहायला वर्ष लागलं तरी चालतं, पण खाटेवरच्या माणसापाशी वर्ष नसतं. तुम्ही पुढच्या महिन्याची बैठक ठरवाल. त्या बैठकीपर्यंत यातल्या एखाद्या घराला आपली गरजच उरलेली नसेल. म्हणून आज संध्याकाळी पाच नावं लिहा, उद्या आशा बहूला गाठा आणि या रविवारी पहिल्या घरी नुसती ओळख करून घ्यायला जा.

दारात चपला काढा, हात साबणानं धुवा, खाटेजवळ खाली बसा आणि नाव विचारा. येताना सफरचंदं मात्र नकोत.

आपला,
एक शिकाऊ स्वयंसेवक